बाराव्या मिनिटाला

शनिवारी अकराला मी दोरी ओढतो.
तिसऱ्या झटक्याला मशीन खोकतं, निळा धूर सोडतं,
मग असं गुरगुरतं की वाटावं
आता हे दुपारपर्यंत ऐकत नाही.
फाटकापासून कपड्यांच्या दोरीपर्यंत एक पट्टा,
परत,
काळ्या मनुकांच्या झुडपाला वळसा,
आणि मेरेआनाच्या कुंपणापाशी, बाराव्या मिनिटाला,
दम तुटून बंद.

दर शनिवारी. तिथेच.
ब्लफ गावात हसायला एवढं पुरतं.

"पेट्रोल शिळं असेल," पहिल्यांदा ती म्हणाली
कुंपणावर कोपरं टेकून.
होतंच. मार्चपासून शेडमध्ये पडलेलं,
वास पेट्रोलचा नाही, जुन्या व्हार्निशचा.
टाकी उपडी केली, ताजं भरलं.
बारा मिनिटं.

"मग पाणी. इथे समुद्र
किल्लीच्या भोकातूनही आत येतो."
कार्ब्युरेटरची वाटी सोडवली,
जॅमच्या बरणीत ओतून उजेडाकडे धरली.
तळाशी मसुराएवढा एक थेंब,
पेट्रोलखाली दबा धरून बसलेला.
सापडला चोर, मी ओरडलो.
बारा मिनिटं.

मग फिल्टर.
मग नळी, दोन ठिकाणी तडकलेली.
मग जेट. सुईच्या नेढ्याहून बारीक भोक,
त्यात नातवाच्या गिटारची सर्वांत पातळ तार
श्वास रोखून फिरवत बसलो मी,
आणि पलीकडून ती थर्मास उघडून सांगत होती
फोवोच्या सामुद्रधुनीतली ती रात्र:
कालवांची बोट, पोत्यांनी भरलेली,
इंजिन अचानक गप्प,
वारा दक्षिणेचा, कप्तानाला रडू फुटलेलं,
आणि खाली इंजिनाशी ती, एकोणीस वर्षांची,
तोंडात टॉर्च धरून.
"मग?"
"मग तुझं जेट झालं ना साफ? चालवून बघ."

डिसेंबर उजाडला तरी ती बोट लाटांतच होती.

शेवटी इन्व्हरकार्गिलच्या ईवनकडे नेलं.
त्याने स्क्रूड्रायव्हरही उचलला नाही.
टाकीचं झाकण काढलं, उलटं केलं, अंगठ्याने पुसलं.
खसखशीएवढं छिद्र,
वाळल्या गवताने आणि मातीने लिंपलेलं.
"पेट्रोल जेवढं खाली उतरतं
तेवढी हवा वरून आत यायला हवी, आजोबा.
नाहीतर ते अडून बसतं."
नाक दाबलं की तोंड उघडतं, म्हणतात.
इथे नाक बुजलं, आणि घसा कोरडा पडला.
टाचणी घातली. पैसेही घेतले नाहीत.

त्या शनिवारी मशीन थांबलंच नाही.
बाराव्या मिनिटाला मी कुंपणावरून गेलो
हात वर करून, विजयी वीर.
खांबावर दोन कप होते.
गडगडाटात ती काहीतरी म्हणाली,
ओठ हलले, एवढंच कळलं.
चाळीस मिनिटांत अंगण संपलं. इतकं लहान आहे ते,
मला कधी कळलं नव्हतं.

संध्याकाळी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"
"दर वेळी बंद पडलं की तू झाकण उघडून आत डोकवायचास,
आणि टाकी सुस्कारा सोडायची.
इथपर्यंत ऐकू यायचा.
एकतीस वर्षं इंजिनं ऐकली आहेत मी, लाखलन."
"मग सांगितलं का नाही?"
तिने मफलर घट्ट केला.
"तू पेट्रोलबद्दल विचारत होतास."

आज पुन्हा शनिवार.
टाकी भरलेली, झाकण स्वच्छ,
आवाज असा की घड्याळ लावावं.
पट्टा, परत, झुडूप, परत,
आणि कुंपणापाशी मी दांडा सोडून दिला.
शांततेत आधी चाकं थबकली, मग गल ओरडले.

"आता काय?" ती म्हणाली, नजर न उचलता.
"चोक असेल."
"चोकच असणार," ती म्हणाली,
आणि थर्मासचं झाकण फिरवू लागली.
"तर टॉर्च माझ्या तोंडात होता."